डेटन, ओहायो: छापखान्यातून निघालेली माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डेटनला मुलाकडे, पुतणीकडे, विद्यापीठात किंवा हवाई दलाचं संग्रहालय बघायला येणारी मराठी मंडळी बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे गोष्ट चांगली आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

डेटन म्हणजे ते मोटारींच्या शर्यतीचं गाव ना?

नाही, ते डेटोना. ते फ्लॉरिडात, समुद्रकाठी. डेटन आहे ओहायो राज्याच्या नैऋत्येला, ग्रेट मायामी नदीकाठी. गोंधळात भर म्हणजे डेटोना वसवणारे मथायस डे हेही ओहायोचेच, पण मॅन्सफील्डचे. दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आमच्या गावाला जोनाथन डेटन यांचं नाव दिलं आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्यांत ते वयाने सर्वांत लहान. वस्ती १७९६ ची. १९६० च्या जनगणनेत इथे २,६२,३३२ माणसं होती, २०२० मध्ये १,३७,६४४ उरली. मध्ये काय झालं याचं उत्तर बंद पडलेल्या कारखान्यांत आणि उपनगरांत आहे. पण तुम्ही माणसांबद्दल विचारायला आलात, म्हणून तिकडे वळतो.

राइट बंधू इथलेच का? मग विमान दुसरीकडे का उडवलं?

ऑर्व्हिलचा जन्म डेटनमधला, १९ ऑगस्ट १८७१ चा, हॉथॉर्न स्ट्रीटवरच्या घरातला. विल्बर चार वर्षांनी मोठा, त्याचा जन्म शेजारच्या इंडियाना राज्यातला. पण दोघांचं घर, दुकान, कर्मभूमी सगळं डेटन. विमान इथेच घडलं, सायकलच्या दुकानात. उडवायला मात्र जोराचा वारा आणि पडल्यावर लागणार नाही अशी वाळू हवी होती, म्हणून नॉर्थ कॅरोलायनातलं किटी हॉक निवडलं. तिथे १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं झाली. त्यातलं सर्वांत लांबचं ५९ सेकंदांचं.

खरं विचाराल तर विमान चालवायला ते शिकले डेटनजवळच्या हफमन प्रेअरी नावाच्या कुरणात, १९०४ आणि १९०५ मध्ये. वळणं घेणं, गोल फिरून जागेवर येणं, हवं तेवढा वेळ वर राहणं हे सगळं तिथलं. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बर तिथे ३९ मिनिटं हवेत होता आणि त्याने सुमारे २४ मैल कापले. किटी हॉकला विमान उडालं आणि डेटनला ते उपयोगी झालं, असं इथले लोक म्हणतात. मला ते पटतं.

राइट बंधूंनी वर्तमानपत्र काढलं होतं हे खरं आहे?

अगदी खरं, आणि सायकलच्याही आधी. घरात शाईचा वास होताच. वडील मिल्टन राइट चर्चचे बिशप, आणि चर्चच्या डेटनहून निघणाऱ्या साप्ताहिकाचे काही वर्षं संपादक. ऑर्व्हिलला शाळकरी वयातच छपाईचा नाद लागला. शाळा पुरी न करता त्याने छापखाना थाटला आणि भावाच्या मदतीने यंत्रं स्वतःच बनवली. एकात बैठकीसाठी थडग्याचा टाकाऊ दगड, दुसऱ्यात जळाऊ लाकूड आणि जुन्या बग्गीच्या घडीच्या टपाचे सांधे. शिकागोहून आलेला एक अनुभवी मुद्रक त्या यंत्राखाली सरपटत गेला, सगळं निरखलं आणि बाहेर येऊन म्हणाला की हे चालतंय खरं, पण कसं चालतंय ते काही कळत नाही.

१ मार्च १८८९ ला ‘वेस्ट साइड न्यूज’ हे साप्ताहिक सुरू झालं. ऑर्व्हिल प्रकाशक, पुढे विल्बर संपादक. नदीपलीकडच्या पश्चिम भागातल्या बातम्या, दुकानांच्या जाहिराती आणि मधूनमधून विल्बरचे शालजोडीतले. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी साप्ताहिकाचं दैनिक केलं, ‘द इव्हनिंग आयटम’. ते चारेक महिन्यांत बंद पडलं. शहरात मोठी दैनिकं होती, वेगाने छापणारी नवी यंत्रं आली होती. दोन पोरांच्या घरगुती यंत्राचा तिथे काय निभाव लागणार? मग त्यांनी लेटरहेड, पत्रकं वगैरे किरकोळ छपाई धरली, आणि १८९२ मध्ये सायकली.

स्वतःचं यंत्र, स्वतःचे खिळे, स्वतःचाच मजकूर म्हटलं की आपल्याला आर्यभूषण छापखाना आणि सुरुवातीचा ‘केसरी’ आठवतो. काळही जवळजवळ तोच, आठच वर्षांचं अंतर. मात्र राइट बंधूंना देश जागा करायचा नव्हता. त्यांना यंत्र चालवून बघायचं होतं.

पॉल लॉरेन्स डनबार कोण? राइट बंधूंच्या स्मारकात त्यांचं घर कसं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी नेहमी कौतुक करतो, कारण बरेच जण विमानं बघून परत जातात.

डनबार म्हणजे देशभर नाव झालेले पहिल्या काही कृष्णवर्णीय अमेरिकन कवींपैकी एक. जन्म डेटनमधला, २७ जून १८७२ चा. आईवडील दोघंही केंटकी राज्यात गुलामीत जन्मलेले. सेंट्रल हायस्कूलमध्ये पॉल आणि ऑर्व्हिल एका वर्गात होते आणि वर्गात कृष्णवर्णीय मुलगा हा एकटाच. तरी शाळेच्या अंकाचं संपादन त्याच्याकडे, साहित्य मंडळाचं अध्यक्षपद त्याच्याकडे. सोळाव्या वर्षाच्या आतच त्याच्या कविता ‘डेटन हेराल्ड’मध्ये छापून आल्या होत्या.

डिसेंबर १८९० मध्ये डनबारनी कृष्णवर्णीय वाचकांसाठी ‘डेटन टॅटलर’ काढलं. छपाई राइट बंधूंकडे. भांडवल नव्हतं, जाहिराती जमेनात, थोड्याच अंकांत ते बंद झालं. ऑर्व्हिलच्या छापखान्याच्या भिंतीवर डनबारनी चार ओळी खरडल्या होत्या असं सांगतात. छपाईच्या धंद्यात ऑर्व्हिल राइटसारखं डोकं दुसऱ्या कुणाचं नाही, अशा अर्थाची यमकं जुळवलेली थट्टा.

शाळा संपल्यावर मित्रांच्या वाटा कशा फुटल्या ते बघा. ऑर्व्हिल शाळा सोडूनही मालक झाला. डनबार शाळा पुरी करून, कविता छापून आलेल्या असूनही, शहरातल्या वर्तमानपत्रांकडे नोकरी मागायला गेले तेव्हा कातडीचा रंग आडवा आला. शेवटी कॅलहन बिल्डिंगमध्ये लिफ्ट चालवायची नोकरी मिळाली, आठवड्याला ४ डॉलर. दोन मजल्यांच्या मधल्या वेळात ते वाचत आणि लिहीत. १८९२ च्या अखेरीस ‘ओक अँड आयव्ही’ हा पहिला संग्रह छापला. छपाईचा खर्च १२५ डॉलर होता, तो त्यांनी लिफ्टमध्ये चढणाऱ्यांना एक-एक डॉलरला प्रती विकून फेडला.

२७ जून १८९६ ला, म्हणजे त्यांच्या चोविसाव्या वाढदिवशीच, विल्यम डीन हॉवेल्स या वजनदार समीक्षकाने ‘हार्पर्स वीकली’त त्यांच्या दुसऱ्या संग्रहावर लिहिलं आणि डनबार एका रात्रीत देशाला ठाऊक झाले. पण त्या कौतुकात एक मेख होती. हॉवेल्सनी उचलून धरल्या त्या बोलीतल्या कविता. पुढे प्रकाशक आणि वाचक त्याच मागत राहिले, प्रमाण इंग्रजीत लिहिलेल्या गंभीर कविता बाजूला पडल्या. त्या परीक्षणाने आपलं भरून न येणारं नुकसान केलं, असं डनबारना वाटत राहिलं. बोलीत लिहिणाऱ्याला ‘वा, काय अस्सल’ म्हणून त्याच खोलीत कोंडून ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, म्हणून हे मराठी वाचकाला जास्त समजावून सांगावं लागत नाही.

क्षयाने ९ फेब्रुवारी १९०६ ला ते गेले, वय अवघं ३३. पिंजऱ्यातला पक्षी का गातो ते मला ठाऊक आहे, ही त्यांच्या कवितेतली ओळ. पुढे माया अँजेलो यांच्या आत्मचरित्राने तीच शीर्षक म्हणून घेतली. आईसाठी घेतलेलं त्यांचं घर १९३६ मध्ये राज्याचं स्मारक झालं. १९९२ मध्ये डेटनला विमानविद्येच्या वारशाचं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं, त्यात सायकलचं दुकान आणि हफमन प्रेअरी यांच्या जोडीला हे घरही आहे. विमानांच्या उद्यानात कवीचं घर. विचित्र वाटेल, पण ज्यांनी हे ठरवलं त्यांना छापखान्याची गोष्ट माहीत होती.

गावच्या पत्रकारांना विमानाची बातमी कळली नाही, ही दंतकथा आहे का?

दुर्दैवाने नाही. हे उत्तर सर्वांत लांब आहे, चहा घेऊन बसा.

१७ डिसेंबर १९०३ च्या संध्याकाळी ऑर्व्हिलची तार घरी आली. चार उड्डाणं यशस्वी, वर्तमानपत्रांना कळवा, नाताळला घरी येतो. तारेत ५९ चे ५७ सेकंद झाले होते आणि ऑर्व्हिलच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं होतं. भाऊ लॉरिन ती घेऊन ‘डेटन जर्नल’च्या कचेरीत गेला. तिथे फ्रँक ट्युनिसन बसले होते, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं कामही तेच बघत. त्यांनी वर न बघता सांगितलं म्हणतात: ५७ सेकंद? ५७ मिनिटं असती तर एखादी बातमी झाली असती.

एका चुकीला माफ करू. पण पुढचं बघा. २३ मे १९०४ ला राइट बंधूंनी पत्रकारांना हफमन प्रेअरीवर बोलावलं, अट एकच की फोटो काढायचे नाहीत. डझनभर पत्रकार आले. त्या दिवशी आधी वारा पडला, मग इंजिन रुसलं. काही दिवसांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा यंत्राने जेमतेम उडी मारली. पत्रकार सहानुभूती दाखवून निघून गेले ते परत फिरकलेच नाहीत.

आणि ते कुरण काही जंगलात नव्हतं. डेटनहून स्प्रिंगफील्डला जाणारी विजेची ट्राम त्याला लागून जायची. ‘जर्नल’चे संपादकीय प्रमुख ल्यूथर बियर्ड त्याच ट्रामने शाळेत शिकवायला जात आणि कधीकधी राइट बंधूंच्या शेजारी बसत. पुढे त्यांनीच सांगितलं की आपण त्यांच्याशी मुद्दाम गोड बोलायचो, कारण त्यांची जरा कीव यायची. चांगली, सरळमार्गी पोरं, वेळ वाया घालवताहेत.

मग डोळ्यांनी बघून पहिली सविस्तर हकिगत लिहिली कुणी? मधमाश्या पाळणाऱ्याने. मेडिना गावचे एमस रूट मधमाशीपालनाचं सामान बनवत आणि त्या धंद्याचं एक नियतकालिक चालवत. गावाहून मोटार हाकत ते डेटनला आले, २० सप्टेंबर १९०४ ला विमानाने पहिल्यांदा पूर्ण गोल फेरी मारली ती त्यांनी समोर उभं राहून पाहिली आणि १ जानेवारी १९०५ च्या ‘ग्लीनिंग्ज इन बी कल्चर’मध्ये छापली. पोळी, राणीमाश्या, मधाचे भाव आणि मध्येच माणूस उडाल्याची बातमी. रूट यांनी ती ‘सायंटिफिक अमेरिकन’लाही देऊ केली होती. त्या मासिकाने ती घेतली नाहीच, उलट जानेवारी १९०६ मध्ये राइट बंधूंच्या उड्डाणांवर शंका घेणारा मजकूर छापला. त्याचा मुद्दा काय, तर एवढी मोठी घटना घडली असती तर अमेरिकेतल्या तल्लख वार्ताहरांच्या नजरेतून ती सुटली असती का?

अनेक वर्षांनी ‘डेटन डेली न्यूज’चे त्या वेळचे शहर-संपादक डॅन कुमलर यांना विचारलं, तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. खरं सांगायचं तर आम्ही निव्वळ मठ्ठ होतो, असं ते म्हणाले. इतकी प्रांजळ कबुली देणारा संपादक मला तरी दुसरा माहीत नाही. डेटनने आपल्या पोरांचा जंगी सत्कार केला तो जून १९०९ मध्ये, विल्बरने फ्रान्समध्ये उडून युरोपला थक्क केल्यानंतर. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तो हा प्रकार.

पण राइट बंधूंच्या आधी आपल्या तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं होतं ना?

हा प्रश्न दर पाहुण्यामागे एकदा येतो, संग्रहालयाच्या दारातच. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, खरे गृहस्थ. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी मानवरहित यान उडवलं आणि ‘केसरी’त तशी बातमी आली, असा दावा केला जातो. सोबत त्या अंकाची तारीख आणि पान मात्र कुणी दाखवत नाही. दुसरीकडे वैमानिक शास्त्र नावाचा जो ग्रंथ या चर्चेत हमखास येतो, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला असल्याचं आणि त्यातली विमानं उडू शकत नसल्याचं त्यांनी दाखवून दिलं.

राइट बंधूंच्या बाजूला काय आहे? ऑर्व्हिलची रोजनिशी, ती तार, साक्षीदार, आणि पहिल्या उड्डाणाचा फोटो. गावच्या वर्तमानपत्रांनी पाठ फिरवूनही त्यांचं काही अडलं नाही, कारण दोघांनी एकूणएक नोंद ठेवली होती. तळपद्यांबद्दल आदर जरूर ठेवा. पण दारातल्या मार्गदर्शकाशी वाद घालायचा असेल तर अंकाची तारीख घेऊन या. खरंच मिळाली तर मी पेढे वाटेन.

‘डेटन डेली न्यूज’ची इमारत बँकेसारखी का दिसते?

जेम्स कॉक्स नावाचा तरुण बातमीदार, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने १८९८ मध्ये २६,००० डॉलरला ‘डेटन इव्हनिंग न्यूज’ विकत घेतलं आणि नाव बदललं. पुढे इमारतीसाठी कर्ज मागायला गेला तेव्हा बँकवाल्याने सांगितलं म्हणे की वर्तमानपत्रातून पैसा मिळाल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. कॉक्सनी वास्तुविशारदाला सांगितलं, मला बँकच बांधून दे. १९०८ ची ती खांबांची इमारत फोर्थ आणि लडलो रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभी आहे.

कॉक्स पुढे खासदार झाले, तीनदा राज्याचे गव्हर्नर झाले आणि १९२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहिले. उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते फ्रँकलिन रूझवेल्ट. समोर रिपब्लिकन वॉरन हार्डिंग, तेही ओहायोच्याच मॅरियन गावच्या वर्तमानपत्राचे मालक. म्हणजे देशाचा अध्यक्ष कोण, हा प्रश्न त्या वर्षी ओहायोतल्या दोन संपादकांमधला होता. कॉक्स सपाटून हरले. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने त्या रात्री निकाल रेडिओवरून सांगितले. ती बातमी कॉक्सनी हरलेल्या उमेदवाराच्या नजरेइतकीच धंद्याच्या नजरेनेही ऐकली असणार, असं मला आपलं वाटतं. १९३५ मध्ये त्यांनी डेटनला डब्ल्यूएचआयओ रेडिओ आणला, फेब्रुवारी १९४९ मध्ये त्याच नावाची दूरचित्रवाणी. १९४८ मध्ये प्रतिस्पर्धी ‘जर्नल’ आणि ‘हेराल्ड’ही त्यांच्याच खिशात आले. दोघांचं मिळून झालेलं ‘जर्नल हेराल्ड’ १९८६ पर्यंत चाललं.

१९१३ च्या पुराचा उल्लेख सगळीकडे का असतो?

मार्चअखेर, ईस्टर नुकताच झालेला, आणि नदीचे बांध फुटले. या खोऱ्यात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. शहर वाचवलं ते दुकानांच्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर या कारखान्याने. मालक जॉन पॅटरसन यांनी कामगारांना लावून सुमारे ३०० सपाट तळाच्या होड्या ठोकून घेतल्या, कारखान्यात आसरा आणि जेवण दिलं. गंमत अशी की त्याच्या महिनाभर आधीच मक्तेदारीच्या खटल्यात पॅटरसन दोषी ठरून तुरुंगवासाची शिक्षा झालेली होती. पुराने त्यांना आरोपीचा नायक केला. शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. पॅटरसननी कामावरून काढून टाकलेले थॉमस वॉटसन पुढे आयबीएमचे सर्वेसर्वा झाले. गल्ल्याला विजेची मोटर बसवणारे चार्ल्स केटरिंगही याच कारखान्यातले. मोटारीचा हँडल मारायचा त्रास ज्याने संपवला तो विजेचा स्टार्टर त्यांनीच दिला.

पुराचं पाणी राइटांच्या घरामागच्या शेडमध्येही शिरलं. तिथे काचेवरच्या निगेटिव्ह होत्या, त्यात पहिल्या उड्डाणाचीही. एक कोपरा खराब झाला, चित्र वाचलं.

एर्मा बॉम्बेक म्हणजे अमेरिकेच्या कोण?

तुलना करायचा मोह आवरतो. घर, धुणी, मुलं, नवरा आणि स्वतःची फजिती यांवर वर्तमानपत्रात लिहिणारी बाई. जन्म १९२७ चा. शाळकरी वयात ‘डेटन हेराल्ड’मध्ये कागद इकडून तिकडे पोचवण्याची नोकरी. डेटन विद्यापीठातल्या एका शिक्षकाने ‘तू लिहू शकतेस’ एवढंच सांगितलं आणि ते वाक्य तिने आयुष्यभर जपलं. मुलं शाळेत जायला लागल्यावर १९६४ मध्ये एका उपनगरी साप्ताहिकात सदर सुरू केलं, लेखाला ३ डॉलर. पुढच्या वर्षी ‘जर्नल हेराल्ड’ने आठवड्याला दोन लेख मागितले, आणि काही आठवड्यांतच ते देशातल्या ३६ वर्तमानपत्रांत जाऊ लागले. शिखरावर असताना सुमारे ९०० वर्तमानपत्रं तिला छापत होती. मूत्रपिंडाच्या आजाराने १९९६ मध्ये ती गेली. तिच्या नावाने डेटन विद्यापीठात विनोदी लेखनाची कार्यशाळा होते.

बॉम्बेक कुटुंब सेंटरव्हिल उपनगरात राहत असताना रस्त्याच्या पलीकडे कोण राहत होतं माहीत आहे? पुढच्या प्रश्नातले गृहस्थ.

फिल डोनाह्यू डेटनचे का?

जन्माने क्लीव्हलँडचे, घडले डेटनला. डब्ल्यूएचआयओवर बातम्या आणि फोनवर श्रोत्यांशी गप्पांचा कार्यक्रम करत. ६ नोव्हेंबर १९६७ ला डब्ल्यूएलडब्ल्यूडी या वाहिनीवर पाहुण्यांशी गप्पांचा त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. पहिली पाहुणी मॅडलिन मरे ओ’हेअर, देशातली सर्वांत गाजलेली नास्तिक बाई. श्रद्धाळू ओहायोत, तेही सकाळच्या वेळी!

हातात माइक घेऊन प्रेक्षकांत धावण्याची त्यांची पद्धत कशी आली, ते मला फार आवडतं. ज्या करमणुकीच्या कार्यक्रमाच्या जागी हा आला, त्याची तिकिटं लोकांनी आधीच काढली होती. ते प्रेक्षक येऊन बसले. जाहिरातींच्या वेळात बायका पाहुणीला इतके नेमके प्रश्न विचारायला लागल्या की डोनाह्यूंना वाटलं, माझ्या प्रश्नांपेक्षा हेच बरे. ते खाली उतरले आणि २९ वर्षं उतरतच राहिले. १९७४ मध्ये कार्यक्रम शिकागोला गेला, १९९६ मध्ये संपला. डोनाह्यू ऑगस्ट २०२४ मध्ये वारले. ती वाहिनी आता डब्ल्यूडीटीएन म्हणून चालते.

गाणी? नट? खेळाडू?

भराभर सांगतो. १९७० च्या दशकात डेटन ही फंक संगीताची राजधानी होती: ओहायो प्लेअर्स, लेकसाइड, स्लेव्ह, झॅप. शाळांमधली बँडपथकं कसलेली होती आणि १९६४ मध्ये सुरू झालेलं डब्ल्यूडीएओ हे कृष्णवर्णीय श्रोत्यांचं एफएम केंद्र गावातच होतं. नंतरच्या पिढीत किम आणि केली डील या जुळ्या बहिणींचं ब्रीडर्स, आणि चौथीच्या वर्गाला शिकवता शिकवता शेकडो गाणी लिहिणाऱ्या रॉबर्ट पोलार्ड यांचं गायडेड बाय व्हॉइसेस.

मार्टिन शीन डेटनचे, मूळ नाव रामोन एस्तेवेझ, वडील कॅश रजिस्टरच्या कारखान्यात. विनोदी नट जोनाथन विंटर्स इथल्या विंग रेडिओवर सकाळी सहा ते आठ बोलायचे. ॲलिसन जॅनी इथे वाढल्या. विनोदवीर डेव्ह शापेल शेजारच्या यलो स्प्रिंग्जमध्ये राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये डेटनच्याच ओरेगन डिस्ट्रिक्ट भागात एका बंदूकधाऱ्याने नऊ जणांना मारलं, त्यानंतर तीन आठवड्यांनी शापेलनी तिथेच भर रस्त्यात मोठा जलसा केला.

बेसबॉलचे माइक श्मिट आणि अडथळ्यांच्या शर्यतीचे एडविन मोझेस एकाच फेअरव्ह्यू हायस्कूलचे. मोझेस १९७७ ते १९८७ या काळात ओळीने १२२ शर्यती जिंकले. नऊ वर्षं, नऊ महिने, नऊ दिवस. हे वाचून ज्योतिषांनी काही लिहिण्याआधी सांगतो, शेवटी हरलेच.

डेटन करार तो हाच का?

हाच. बोस्नियाचं युद्ध थांबवणाऱ्या वाटाघाटी १ ते २१ नोव्हेंबर १९९५ या काळात इथल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर झाल्या. सह्या पॅरिसला, १४ डिसेंबरला. तळ निवडण्याचं एक कारण असं की तिथे पत्रकारांना फाटकाबाहेर ठेवता येत होतं. जगभरची माध्यमं गावात, आणि आतली खबर कुणालाच नाही. डेटनच्या वार्ताहरांना या वेळी तरी दोष देता येणार नाही.

आज स्थानिक माध्यमांत काय उरलं आहे?

‘डेटन डेली न्यूज’ अजून निघतं. एकेकाळी त्यांच्या व्यंगचित्रकार माइक पीटर्सना पुलित्झर हे पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक मिळालं, १९८१ मध्ये. लष्करी दवाखान्यांतल्या जीवघेण्या गोंधळाच्या शोधासाठी १९९८ मध्ये वर्तमानपत्राला पुन्हा. २०१९ मध्ये मालकी बदलत असताना एक मजेशीर संकट आलं. एकाच गावात वर्तमानपत्र आणि वाहिनी दोन्ही नव्या मालकाला ठेवता येत नव्हती, आणि त्यातून सुटायला दैनिक आठवड्यातून तीनच दिवस छापायची योजना निघाली. शेवटी कॉक्स घराण्याच्या कंपनीने २०२० मध्ये वर्तमानपत्र परत घेतलं आणि ते वाचलं.

ऐकायला डब्ल्यूवायएसओ लावा, ९१.३ वर. १९५८ मध्ये यलो स्प्रिंग्जच्या अँटिऑक कॉलेजात सुरू झालेलं हे सार्वजनिक रेडिओ केंद्र २०१९ पासून स्वतंत्र आहे. गाडी भाड्याने घेतलीत की पहिलं बटण त्यालाच द्या.

एकच दिवस आहे. काय बघू?

सकाळी हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय, प्रवेश फुकट, पण आत गेलात तर संध्याकाळ होईल, म्हणून घड्याळ लावून जा. मग कॅरिलन पार्क: १९०५ चं खरं विमान तिथे आहे, ज्यावर ते दोघं खऱ्या अर्थाने उडायला शिकले. त्यानंतर विल्यम्स स्ट्रीटवरचं सायकलचं दुकान आणि डनबारांचं घर. ऑर्व्हिलचं जन्मघर शोधू नका. ते आणि दोघा भावांचं शेवटचं दुकान हेन्री फोर्ड यांनी १९३० च्या दशकात उचलून मिशिगनला नेलं, इथे मोकळी जागा आहे.

उन्हं उतरल्यावर वुडलँड स्मशानभूमीत जा. टेकडी आहे, चढ सोपा आहे. विल्बर, ऑर्व्हिल, डनबार, पॅटरसन, केटरिंग, कॉक्स सगळे एकाच आवारात, चालत जाण्याच्या अंतरावर. एर्मा बॉम्बेकच्या जागी संगमरवर नाही, ॲरिझोनाहून आणलेला २९,००० पौंडांचा ओबडधोबड खडक आहे. फाटक बंद होण्याची वेळ आत जातानाच बघून ठेवा.